‘आ’ ते ‘वा’: जपानी गाण्यांची अक्षरवार वही करताना

जपानमध्ये शाळकरी मुलांपासून आजीआजोबांपर्यंत सर्वांना ‘शिरितोरी’ हा खेळ ठाऊक असतो. एकाने शब्द सांगायचा, त्याच्या शेवटच्या अक्षराने दुसऱ्याने नवा शब्द सुरू करायचा, आणि ज्याचा शब्द ‘न्’ या ध्वनीवर संपेल तो बाद होतो, कारण जपानीत ‘न्’ या सुट्या ध्वनीने शब्द सुरू होत नाही. आपल्या गाण्याच्या भेंड्यांत ‘ण’ किंवा ‘ळ’ आला की ‘न’ किंवा ‘ल’ घेण्याची सवलत देतात. जपानी खेळात अशी सवलत नाही. हाच खेळ शब्दांऐवजी गाण्यांच्या शीर्षकांनी, कराओकेच्या खोलीत बसून आणि प्रत्येक गाणे खरोखर गाऊन खेळायचा असेल, तर आरंभीच्या अक्षराप्रमाणे लावलेली गाण्यांची यादी हाताशी लागते. तोक्योच्या एदोगावा भागातील आमच्या जपानी भाषावर्गासाठी मी अशी यादी तयार केली. ते काम कसे होत गेले, ते येथे मांडतो.

आमचा वर्ग स्वयंसेवक चालवतात. शिकवणारे बहुतेक निवृत्त झालेले स्त्रीपुरुष आहेत आणि शिकणारे भारत, नेपाळ, व्हिएतनाम अशा देशांतून नोकरीसाठी आलेले तरुण आहेत. वर्ग संपल्यावर आम्ही कधीकधी कराओकेला जात असू, पण तेथे गेल्यावर नकळत दोन गट पडत. शिक्षक मंडळी एन्का, म्हणजे जुन्या वळणाची विरहाची, बंदरांची, बर्फाची गाणी म्हणत, तर विद्यार्थी ॲनिमे मालिकांची आणि अलीकडच्या बँडची. एका गटाची गाणी दुसऱ्याला ठाऊक नसत, त्यामुळे एकाचे गाणे चालू असताना दुसरा गट पुढचे गाणे शोधण्यात गुंतलेला असे. वर्गातील सर्वांत ज्येष्ठ शिक्षिकेने शीर्षकांच्या शिरितोरीची कल्पना मांडली. गायक किंवा काळ पाहून गाणे निवडायचेच नाही. आधीच्या गाण्याचे शेवटचे अक्षर जे मागेल ते द्यायचे. असे केले तर १९६१ चे गाणे आणि २०१८ चे गाणे शेजारी शेजारी येणारच, असे त्यांचे म्हणणे होते. यादी करण्याचे काम मी आपण होऊन मागून घेतले.

प्रत्येक गाण्याला एक कार्ड केले. त्यावर शीर्षक जसे छापतात तसे, खाली त्याचा उच्चार हिरागाना या ध्वनीनुसार लिहिण्याच्या लिपीत, मग पहिले अक्षर, शेवटचे अक्षर, गायक आणि वर्ष अशी नोंद केली. कार्डे लावण्याचा क्रम ठरलेला होता: ‘गोजूओन’, म्हणजे पन्नास ध्वनींचा तक्ता. आज प्रत्यक्षात त्यातील ४६ मूळ अक्षरे वापरात आहेत. जपानी शब्दकोश, वर्गातील हजेरीपट आणि कराओकेच्या अनुक्रमणिका याच क्रमाने लागतात.

या क्रमाबद्दल मराठी वाचकांना थोडे विस्ताराने सांगावेसे वाटते. तक्त्यातील पहिली ओळ आ, इ, उ, ए, ओ अशी आहे आणि पुढच्या ओळी का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा अशा येतात. संस्कृत ग्रंथांसाठी वापरली जाणारी सिद्धम् लिपी जपानी बौद्ध भिक्षूंनी अभ्यासली, आणि त्या अभ्यासातून हा क्रम घडला. म्हणूनच तो आपल्या वर्णमालेच्या वाटेने जातो. आधी स्वर, मग कंठातून ओठांकडे येणारी व्यंजने, शेवटी य, र, व. ‘सा’ ही ओळ ‘का’ आणि ‘ता’ यांच्या मध्ये कशी, हा प्रश्न मला सुरुवातीला पडला होता. त्या ध्वनीचा प्राचीन उच्चार आपल्या ‘च’च्या जवळचा होता असे मानले जाते, आणि तसे असेल तर ती जागा चवर्गाचीच आहे. ‘हा’ हा ध्वनी प्राचीन काळी ‘पा’ होता, म्हणून तो ‘मा’च्या आधी, पवर्गाच्या जागी बसतो. हे कळल्यावर मला तक्ता पाठ करावा लागला नाही. ज्यांना जपानी कार्डे, फायली किंवा शब्दकोश भराभर चाळायचे असतील त्यांनी आधी एवढे समजून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

क्रम सोपा असला तरी कार्डावर उच्चार लिहिणे सोपे नव्हते. शीर्षक डोळ्यांना जे दिसते ते कानाला तसेच ऐकू येईल याची जपानीत खात्री नसते, आणि अक्षरवार यादी संपूर्णपणे कानावर उभी असते. यामागुची मोमोए यांचे १९७७ चे एक गाणे, सादा मासाशी यांनी लिहून संगीतबद्ध केलेले, ‘शरद’ आणि ‘चेरी’ या दोन चित्राक्षरांनी लिहिले जाते. ती अक्षरे सुटी वाचली तर आरंभ ‘आ’ने होतो. परंतु गाण्याचे नाव ‘कोसुमोसु’ आहे, म्हणजे कॉसमॉसचे फूल, आणि ते कार्ड ‘को’च्या खाली जाते. ‘नादा सोऊसोऊ’ या गाण्यात पहिले चित्राक्षर अश्रूचे आहे. प्रमाण जपानीत त्याचा उच्चार ‘नामिदा’ होतो, पण हे शीर्षक ओकिनावाच्या बोलीतले असल्याने तेथे ‘नादा’ म्हणतात. मोरियामा र्योको यांनी शब्द लिहिलेले आणि बिगिन या ओकिनावाच्या गटाने चाल दिलेले हे गाणे नात्सुकावा रिमी यांच्या २००१ च्या ध्वनिमुद्रिकेमुळे घरोघरी पोहोचले. येथे पहिले अक्षर बदलले नाही, म्हणून कार्ड ‘ना’मध्येच राहिले.

अंकांनी सुरू होणारी शीर्षके हा वेगळा विषय आहे. रेमिओरोमेन या गटाचे २००४ चे गाणे ‘३ महिना ९ दिवस’ अशा अंकांत लिहितात, पण म्हणतात ‘सांगात्सु कोकोनोका’, म्हणून ते ‘सा’मध्ये. सियाम शेड या गटाच्या १९९७ च्या गाण्याच्या आरंभी एक तृतीयांश हा अपूर्णांक आहे. लिहिताना एक आधी दिसतो, पण जपानीत छेद आधी वाचतात, ‘सानबुन नो इचि’, म्हणून तेही ‘सा’मध्येच. रोमन लिपीतील शीर्षके उच्चाराप्रमाणे लावायची असे आम्ही ठरवले. त्यामुळे सदर्न ऑल स्टार्सचे २००० चे ‘त्सुनामी’ हे ‘त्सु’मध्ये, आणि प्रिन्सेस प्रिन्सेस या गटाचे केवळ एका रोमन अक्षराचे नाव असलेले ‘एम’ हे ‘ए’मध्ये गेले. ज्यांना ते गाणे ‘मा’च्या ओळीत असावेसे वाटते त्यांना मी एवढेच सांगत असे की डोळे मिटून नाव उच्चारा आणि तोंडातून पहिला कोणता ध्वनी निघतो ते पाहा.

उच्चार तपासण्यासाठी कराओकेच्या खोलीतील स्पर्शपाटी, जिला एका कंपनीच्या यंत्रावरून ‘डेनमोकू’ म्हणतात, फार उपयोगी पडली. तीवर गाण्याच्या नावाची सुरुवातीची एकदोन अक्षरे लिहिली की त्या उच्चाराने सुरू होणारी सगळी शीर्षके समोर येतात, आणि ती ध्वनीनुसार लावलेली असतात. तारेवरून गाणी पुरवणारी यंत्रे १९९२ पासून आली. त्याआधी आणि नंतरही बराच काळ प्रत्येक खोलीत दूरध्वनीच्या यादीएवढी जाड छापील पुस्तके असत, असे आमच्या शिक्षकांनी सांगितले. एक पुस्तक शीर्षकांच्या क्रमाने, दुसरे गायकांच्या क्रमाने. शीर्षकाशेजारी यंत्राला द्यायचा क्रमांक आणि गाण्याची पहिली ओळही छापलेली असे. माझी वही म्हणजे त्या पुस्तकाची एक छोटी, आमच्या वर्गाला गाता येतील तेवढ्याच गाण्यांची आवृत्ती होती, आणि ही मर्यादा मला महत्त्वाची वाटते. यंत्रात हवी तेवढी गाणी असतात. खोलीतील एका तरी माणसाला जे गाता येते तेवढेच खेळात उपयोगाचे.

कार्डे वाढू लागली तसे नियम ठरवण्याची वेळ आली. शिरितोरीचे नियम घरोघरी थोडे निराळे असतात, म्हणून खेळाआधी ते बोलून घ्यावे लागतात. पहिला प्रश्न सघोष अक्षरांचा. जपानी लिपीत ‘का’वर दोन छोट्या रेघा दिल्या की ‘गा’ होतो, ‘ता’चा ‘दा’, ‘हा’चा ‘बा’, आणि छोटे वर्तुळ दिले की ‘पा’. शब्दकोशात ही अक्षरे मूळ अक्षरासोबतच लागतात. आम्ही शेवटी ‘दे’ आला तर ‘ते’ने सुरुवात करण्याची मुभा ठेवली. दुसरा प्रश्न लांब स्वरांचा. स्पिट्झ या गटाच्या १९९६ च्या ‘चेरी’च्या शेवटी, काताकाना या परक्या शब्दांसाठीच्या लिपीत लिहिताना, स्वर लांबवणारी आडवी रेघ येते. ती सोडून ‘रि’ घ्यायचा, असे ठरले. हिरागानात मात्र लांब ‘ओ’ दाखवायला पुढे ‘उ’ लिहितात, आणि तेथे लिहिलेला ‘उ’ हेच शेवटचे अक्षर मानले. या निर्णयामुळे एक सुंदर गोष्ट घडली. साकामोतो क्यू यांचे १९६१ चे ‘उए ओ मुइते आरुकोऊ’ हे गाणे, जे १९६३ मध्ये अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या स्थानी पोहोचले, ‘उ’ने सुरू होऊन ‘उ’नेच संपते. म्हणजे ज्याच्यावर ‘उ’ आला त्याने ते गायले तर पुढच्यावरही ‘उ’च येतो, आणि ‘उ’चे सर्वांना आठवणारे गाणे तर नुकतेच संपलेले असते.

तिसरा प्रश्न सर्वांत अधिक वेळ चर्चेत राहिला. ओसाका येथे १९७० साली भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठी १९६७ मध्ये जे गाणे आले, मिनामि हारुओ यांच्या आवाजात विशेष गाजलेले, त्याच्या शीर्षकाचा शेवट ‘कोन्निचिवा’ या नमस्काराने होतो. लिहिताना शेवटी ‘हा’ हे अक्षर येते आणि बोलताना ‘वा’. शिक्षकांपैकी काहींना लिपी प्रमाण मानावी असे वाटत होते, काहींना उच्चार. यादी कानाने लावायची असे एकदा ठरल्यावर येथे मागे फिरणे मला मान्य नव्हते, म्हणून मी ‘वा’चा पक्ष घेतला आणि तो टिकला.

वही भरू लागली तसा अक्षरांचा स्वभाव दिसू लागला. ‘आ’, ‘का’, ‘सा’ या ओळी भरगच्च झाल्या. ‘सा’मध्ये तर चेरीचा बहरच उतरला: मोरियामा नाओतारो यांचे २००३ चे, केत्सुमेइशी यांचे २००५ चे, कोबुकुरो यांचे त्याच वर्षीचे आणि इकिमोनोगाकारी यांचे २००६ चे, ही चारही गाणी ‘साकुरा’ याच नावाची आहेत, कोणी ते हिरागानात लिहिले, कोणी चित्राक्षरात, कोणी रोमन लिपीत. शाळेचे वर्ष जपानमध्ये मार्चमध्ये संपते आणि एप्रिलमध्ये सुरू होते, नेमका तोच चेरी फुलण्याचा काळ, त्यामुळे निरोपाचे आणि नव्या प्रवेशाचे गाणे लिहायचे तर ते फूल हाताशी असते. एकाच नावाची गाणी असल्याने कार्डावर गायकाचे नाव ठळक लिहावे लागले.

याच्या उलट ‘रा’ची ओळ. मूळ जपानी शब्द ‘र’ने सुरू होत नाहीत, या ओळीत जे सापडते ते चिनी मूळ असलेले किंवा युरोपीय भाषांतून आलेले असते. माझी कार्डे पाहिली तरी हे लगेच कळते. तेराओ आकिरा यांचे १९८१ चे ‘रुबी नो युबिवा’ म्हणजे माणकाची अंगठी, हिरोसे कोमी यांचे १९९३ चे ‘रोमान्सु नो कामिसामा’, स्पिट्झचे १९९५ चे ‘रोबिन्सोन’, योनेझु केन्शी यांचे २०१८ चे ‘लेमोन’, जे जपानी उच्चारात ‘रेमोन’ होते, ही सर्व परक्या शब्दांनी सुरू होतात. युद्धानंतरच्या पहिल्या थंडीत जपानला धीर देणारे, १९४६ च्या जानेवारीत ज्याची ध्वनिमुद्रिका निघाली ते ‘रिंगो नो उता’ याला अपवाद वाटेल, पण सफरचंदाचे ‘रिंगो’ हे नावही चिनी अक्षरांच्या उच्चारावरून आलेले आहे.

हाच भाषेचा कल शेकडो वर्षांपूर्वीही होता, हे ज्येष्ठ शिक्षिकेने दाखवून दिले. त्या तरुणपणी ‘कारुता’ खेळत. फुजिवारा नो तेइका यांनी तेराव्या शतकात निवडलेल्या शंभर कवींच्या शंभर कविता त्यात असतात, आणि वाचक कवितेचा आरंभ म्हणू लागताच तिचे उत्तरार्धाचे पान जमिनीवरून उचलायचे असते. त्या शंभरांत ‘आ’ने सुरू होणाऱ्या १६ कविता आहेत, ‘ना’च्या ८, ‘ओ’ आणि ‘वा’च्या प्रत्येकी ७. मु, सु, मे, फु, सा, हो, से या सात अक्षरांची मात्र एकेकच कविता आहे, म्हणून तो ध्वनी कानी पडताच पूर्ण कविता ओळखता येते, आणि खेळाडू ‘मुसुमेफुसाहोसे’ असे ते एका दमात पाठ करतात. ‘रा’च्या ओळीची एकही कविता नाही. माझी वही आणि तो संच शेजारी ठेवल्यावर मला हे काम निव्वळ करमणुकीचे वाटेनासे झाले, आणि मी कार्डांवर अधिक काळजीने नोंदी करू लागलो.

खेळासाठी शेवटचे अक्षर पहिल्याइतकेच महत्त्वाचे असते, म्हणून मी दुसरी वही केली, तीत तीच गाणी अंत्याक्षराने लावली. ‘नि’वर संपणारी गाणी पुष्कळ निघाली, कारण ‘नि’ हा प्रत्यय शीर्षकाच्या शेवटी सहज येतो: मिसोरा हिबारी यांचे १९८९ चे ‘कावा नो नागारे नो योऊ नि’, ओदा काझुमासा यांचे १९९१ चे ‘राबु सुतोरी वा तोत्सुझेन नि’. परंतु ‘नि’ने सुरू होणारी थोडी. ‘उता’ म्हणजे गाणे आणि ‘हाना’ म्हणजे फूल, या दोन शब्दांमुळे ‘ता’ आणि ‘ना’ वारंवार येतात. ज्यांचा शेवट ‘न्’ने होतो, जसे ‘रोबिन्सोन’, ‘रेमोन’ आणि एकेबी४८ चे २०१० चे ‘हेबी रोतेशोन’, त्यांच्या कार्डाचा कोपरा मी लाल केला. ‘रोबिन्सोन’ हा शब्द त्या गाण्याच्या ओळींत कोठेही येत नाही. मुखड्यावर चालणाऱ्या आपल्या भेंड्यांत असे गाणे ‘र’ला चालले नसते. शीर्षकावर खेळणाऱ्या शिरितोरीत मात्र त्याला स्थान आहे, आणि दोन्ही खेळांतील हा भेद मला वही करतानाच नीट उमगला.

खेळाचा दिवस ठरला तो दुपारचा, कारण दुपारी खोलीचे भाडे कमी असते. सुरुवात शिक्षिकेने ‘रुबी नो युबिवा’ने केली. शेवट ‘वा’, म्हणून एका शिक्षकांनी आन्झेन चिताई या गटाचे १९८३ चे ‘वाइन रेद्दो नो कोकोरो’ घेतले. ‘रो’वर ‘रोमान्सु नो कामिसामा’ आले, आणि त्याच्या उंच पट्टीत व्हिएतनामच्या एका विद्यार्थिनीने सर्वांना थक्क केले. ‘मा’वर ओझाकी कियोहिको यांचे १९७१ चे ‘माता आऊ हि मादे’. ‘दे’ला ‘ते’ची मुभा घेऊन एका विद्यार्थ्याने बंप ऑफ चिकनचे २००१ चे ‘तेन्ताई कान्सोकु’ म्हटले. ‘कु’वर यामाशिता तात्सुरो यांचे १९८३ चे ‘कुरिसुमासु इबु’, म्हणजे ख्रिसमस ईव्ह, ऋतू नसतानाही. ‘बु’वरून ‘फु’, आणि मग ‘फुरुसातो’, १९१४ पासून शाळांत शिकवले जाणारे गाणे. ते लावले मी होते. पण दुसऱ्या कडव्यापासून शिक्षकांनी उभे राहून ते एकत्र म्हटले, आणि विद्यार्थ्यांनी पडद्यावरचे शब्द वाचत साथ दिली. पुढे ‘तो’वर तेरेसा तेंग यांचे १९८६ चे ‘तोकी नो नागारे नि मि ओ माकासे’, ‘से’वर स्मॅपचे २००३ चे ‘सेकाई नि हितोत्सु दाके नो हाना’, ‘ना’वर ‘नागोरी युकी’, ‘की’वर १९७५ चे ‘किता नो यादो कारा’, आणि ‘रा’वर ओदा यांचे ते ‘नि’वर संपणारे गाणे.

येथे वहीची खरी परीक्षा झाली. ‘नि’चे पान उघडले तेव्हा त्यात काझे या गटाचे १९७५ चे ‘निजूनिसाई नो वाकारे’ होते, ज्याचा आरंभ २२ या आकड्याने लिहितात. पाटीवर शोधताना अंकाकडे पाहणाऱ्याला ते सुचले नसते. एका शिक्षकांना ते तोंडपाठ होते. त्याचा शेवट ‘रे’. मोजकी दहा मिनिटे उरल्याचा दूरध्वनी खालून येऊन गेला होता, आणि नेपाळच्या एका विद्यार्थ्याने विचारले की आता खेळ संपतच आहे तर लाल कोपऱ्याचे ‘रेमोन’ म्हणता येईल का. सर्वांनी होकार दिला. त्याच्यासोबत, पडद्याकडे न पाहता, ते ज्येष्ठ शिक्षिकेलाही म्हणता आले. नातीकडून शिकल्याचे त्यांनी सांगितले.

तेव्हापासून एक नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला आहे: ‘न्’वर संपणारे गाणे फक्त वेळ संपताना घ्यावे. ‘नु’चे पान अजून फार पातळ आहे आणि ‘नि’चेही वाढवायचे आहे. नव्या विद्यार्थ्यांना मी सध्या तेच काम देतो. घरी आवडीने ऐकत असलेल्या गाण्याचे नाव त्यांनी आधी मोठ्याने म्हणायचे, ते हिरागानात लिहायचे, दोन्ही टोकांची अक्षरे वेगळी काढायची आणि मगच कार्ड वहीत लावायचे.